कॅरिअर, करिअर आणि एक रिपोर्ट

शाळेत असताना इंग्रजीच्या गाईडात मागच्या बाजूला एक पान असायचं. सारख्या उच्चाराचे पण वेगळ्या अर्थाचे शब्द. दोन रकाने, मधे रेघ. एस यू एन वाला सन म्हणजे सूर्य, एस ओ एन वाला सन म्हणजे मुलगा. दोन ई वाला वीक म्हणजे आठवडा, ई ए वाला वीक म्हणजे अशक्त. 'टू' तर तीन-तीन. आमच्या वर्गात हे पान पाढ्यांसारखं म्हटलं जायचं, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या इंग्रजीत तेवढं एकच पान मला आवडायचं. व्याकरण नाही, निबंध नाही, नुसती गंमत.

पण त्यातल्या काही जोड्या कळायच्याच नाहीत. फादर आणि फार्दर. 'पकडला' या अर्थाचा कॉट आणि कोर्ट. हे सारखे कसे बुवा? आमच्याकडे कोर्टातला र चांगला घोळवून म्हणतात. तारखेला भंडाऱ्याला जाणारा माणूस 'कॉटात चाललो' असं कधी म्हणत नाही, कॉट म्हणजे झोपायची. गाईडात छापलंय म्हणजे बरोबरच असणार, असं समजून आम्ही तेही पाठ केलं.

उलगडा बऱ्याच वर्षांनी झाला. लंडनकडच्या शिष्ट उच्चारात शब्दाच्या मधला आणि शेवटचा र बहुतेक वेळा बोलतच नाहीत. त्यामुळे त्यांच्या कानाला फादर आणि फार्दर एकच. म्हणजे ती यादी तिकडच्या कानाने केलेली होती, आणि आपण ती जशीच्या तशी उचलली होती. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी र परत येतो, म्हणून तिथे या दोघांची फारकत होते. पण तिथल्या पुष्कळ लोकांच्या तोंडी बाईचं नाव मेरी, 'आनंदी' या अर्थाचा मेरी आणि 'लग्न कर' या अर्थाचा मॅरी हे तिन्ही एकच होतात. तिकडे वाढलेल्या माझ्या भाच्याला मी या तिघांतला फरक करून दाखवला, तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याच्या कानाला फरकच नाही!

तर सारखे ऐकू येणारे शब्द ही अशी यादी जगात एक नसतेच. यादी कानागणिक बदलते. आता आमच्या कानाची यादी काय, ते बघा.

आपल्याकडे व एकच. इंग्रजीत दोन आहेत, एक ओठ गोल करून म्हणायचा आणि एक खालच्या ओठाला दात लावून. त्यामुळे पश्चिम दिशेचं वेस्ट आणि आत घालायचं व्हेस्ट, दारूची वाईन आणि वेलाची व्हाईन, या जोड्या आपल्या तोंडी एकमेकींत मिसळतात. लिहिताना आपण व्ह करून सोय केली म्हणतो, पण ती सोयही कशी तर व्होट, व्हॅन यांनाही व्ह आणि व्हाईट, व्हिस्की यांनाही व्ह. देवमासा व्हेल आणि नवरीच्या तोंडावरचा झिरझिरीत पडदाही व्हेल. म्हणजे फरक दाखवायला जी खूण काढली तिनेच दोघांना एकत्र बांधून टाकलं.

दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांत एक नियम आपल्या सगळ्यांच्या हाताला चिकटलेला आहे. शब्दाच्या शेवटी अ असेल तर त्याच्या आधीची इ किंवा उ दीर्घ. गरीब, वकील, मूल, फूल. तत्सम शब्दांना सूट, ते सोडा. हा नियम काही हवेतून आलेला नाही, आपलं तोंडच तसं आहे. मग जहाजाचं शिप आणि मेंढीचं शीप यांत मराठी माणसाने फरक करायचा तरी कसा? दोन्हीला तोंड आपोआप लांबतं. फूल तर बघायलाच नको. मोगऱ्याचं फूल, फुल पँटीतलं फुल आणि एप्रिल फूलमधलं फूल. तीन शब्द, तीन अर्थ, नांदतात एकाच घरात.

आणि तिसरी गोष्ट खास आमच्या झाडीची. भंडारा, गोंदिया (१९९९ पर्यंत हा एकच जिल्हा होता), गडचिरोली आणि चंद्रपूरचा भाग, इथे झाडीबोली बोलतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, तिचा शब्दकोश केला, म्हणून ती बोली आहे, अशुद्ध मराठी नव्हे, हे बाहेरच्यांना थोडंफार पटलं. या बोलीत ण नाही, न आहे. ळ चा र होतो, डोळे ते डोरे. आणि श चा स होतो. शेत म्हणजे सेत. आता या कानाला इंग्रजी ऐकवा. बसायची सीट आणि कागदाची शीट एक. सही करायची साईन आणि चकाकायचं शाईन एक. शिंपल्याचं शेल, दुकानातला सेल आणि बॅटरीतला सेल सगळे एकच सेल. गाईडातल्या पानावर यातली एक तरी जोडी होती का? नव्हती. आमच्या लाखनीकडच्या पोरांना खरोखर ज्या जोड्या अडवत होत्या त्या सोडून, इंग्लंडातल्या पोरांना ज्या अडवतात त्या आम्ही पाठ करत होतो.

बरं, पोरगं 'सो केस' म्हणालं की वर्ग हसायचा. हसणाऱ्यांत श म्हणता येणारी दोन-चार नोकरदारांची मुलं असायची, बाकीचे त्यांच्याकडे बघून हसायचे. असो.

आपल्या लिपीला मात्र नावं ठेवू नका बरं का. इंग्रजी शब्द आले तेव्हा मराठीने ॲ आणि ऑ अशा दोन खुणा चालवून घेतल्या, आणि त्यांनी मोठं काम केलं. बेट आणि बॅट, काल आणि कॉल, हाल आणि हॉल, बाल आणि बॉल. एका चंद्राने सगळं वेगळं! कंप्युटरवर लिहिणाऱ्यांना आठवत असेल, ॲ हे अक्षर युनिकोडात २००८ साली आलं. तोवर आपण अ वर चंद्र चिकटवून कशीबशी वेळ मारून नेत होतो आणि कोणाच्या पडद्यावर तो चंद्र गोल टिपक्यांच्या डोक्यावर जाऊन बसायचा. तेव्हा 'अ‍ॅसिडिटी' लिहिणं हाच एक आजार होता. :)

पण चंद्र देऊनही लोक देत नाहीत. सगळ्यात जास्त हाल कोणाचे होतात सांगू? करिअर आणि कॅरिअरचे. करिअर म्हणजे नोकरीधंद्यातली वाटचाल. कॅरिअर म्हणजे वाहून नेणारा, सायकलच्या मागचं, धानाचं पोतं बांधायचं ते. इंग्रज माणूस हे दोन शब्द स्वरावर आणि जोरावर वेगळे करतो. वाहून नेणाऱ्यात जोर पहिल्या अक्षरावर, नोकरीवाल्यात तो दुसऱ्यावर जातो. मराठीत असा जोर देऊन अर्थ बदलत नाही, म्हणून तो आपल्याला ऐकूच येत नाही. मग नागपूरच्या भिंतींवर कॅरिअर अकॅडमी दिसते आणि सायकलच्या दुकानात करिअर बसवून मिळतं. कोणाचं काही बिघडत नाही. करिअर अकॅडमीत कोणी सायकल घेऊन जात नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पुढे लागणार आहे. सारखे शब्द सहसा त्रास देत नाहीत, कारण वाक्य त्यांना सांभाळून घेतं. 'सन उगवला' म्हटल्यावर मुलगा उगवला असं कोणी समजत नाही. 'पुढच्या वीकमध्ये ये' म्हटल्यावर अशक्त होऊन कोणी येत नाही. गाईडातल्या बहुतेक जोड्या अशा निरुपद्रवी आहेत. स्पेलिंग चुकेल, मार्क जाईल, एवढंच. घात होतो तो कधी? दोन्ही शब्द एकाच वाक्यात, एकाच जागी, तितकेच चपखल बसतात तेव्हा. फिफ्टीन आणि फिफ्टी. गोळी पंधरा मिलिग्रॅमचीही असू शकते आणि पन्नासचीही, वाक्य काही मदत करत नाही. हायपो आणि हायपर. थायरॉईड दोन्ही प्रकारचा असतो, आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या उलट. मराठीत पंधरा आणि पन्नास यांत घोटाळा करून दाखवा बरं! तरी आपण डोस इंग्रजीतच सांगतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती.

विदर्भात, आणि आमच्या जिल्ह्यात, सिकलसेल आहे. आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांपैकी काही समाजांत आहे. ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, ज्यांच्या नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल, मऊ असतात. या आजारात त्या वाकड्या, विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अशा वेदना होतात की मोठी माणसं लहान मुलांसारखी रडतात. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या पेशी पाहिल्या आणि त्यांचं वर्णन छापलं. सिकल म्हणजे विळा. धान कापणाऱ्या आमच्या जिल्ह्यात विळा माहीत नाही असं घर नसेल, पण या आजाराच्या नावात विळा आहे हे किती घरांना कोणी सांगितलं? सिकल हा शब्द त्यांच्यासाठी नुसता आवाज, आणि सेल म्हणजे टॉर्चमधला.

हा आजार आईबापांकडून येतो. दोघांकडून सदोष प्रत आली तर आजार. रिपोर्टवर लिहितात एस एस. एकाकडूनच आली तर आजार नाही, माणूस सहसा ठणठणीत असतो, पण पुढे देऊ शकतो. त्याला लिहितात ए एस. आणि दोन्ही प्रती चांगल्या असतील तर ए ए. दोन ए एस माणसांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता एस एस बाळाची. चार मुलांतलं एक असं नव्हे, दर वेळी नव्याने चारांत एक. म्हणून लग्नाआधी रिपोर्ट बघा असं सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

आता मोठ्याने म्हणून बघा. ए एस. एस एस. फोनवर म्हणा. वारा सुटलाय, रेंज जातेय, मागे गिरणी चालू आहे. शिवाय आमच्याकडे शब्दाच्या सुरुवातीच्या ए ला अलगद य लागतो. एक ला येक, एस ला येस. आणि होकाराचा 'येस' तर सगळ्यांच्या तोंडी आहेच.

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न ठरत होतं. (नात्यातल्या मंडळींनी कोण ते शोधत बसू नये, तपशील बदललेत.) मुलाकडचे म्हणाले रिपोर्ट सांगा. रक्त तपासलं होतं, कागद हातात यायचा होता. मध्यस्थ मामांनी तपासणीच्या ठिकाणी फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, कागद शोधला, म्हणाला, "येस, ए एस." मामांनी ऐकलं ते घरी येऊन सांगितलं, "पोरीचा रिपोर्ट यस यस हाये म्हन्ते."

घरातलं कोणी त्या दिवशी जेवलं नाही. मुलगी बी.एस्सी. झालेली, ती सांगत होती की मला कधी साधा सांधेदुखीचा त्रास नाही, मी एस एस कशी असेन? पण तिचं कोण ऐकतं. तिची आई तिच्या लहानपणीचे ताप मोजत बसली. मुलाकडे निरोप गेला, तिकडून 'बघू' आलं, आणि बघू म्हणजे काय ते आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आठ-नऊ दिवसांनी कागद आला. त्यावर स्वच्छ ए एस. मुलगा ए ए होता. म्हणजे या लग्नात सिकलसेलचा आजार असलेलं मूल होण्याचा प्रश्नच नव्हता! पण तोवर तिकडे दुसरी मुलगी बघून झाली होती. हिच्या नावावर गावात जे लागलं ते कागद दाखवूनही पुरतं पुसलं गेलं नाही. पुढे तिचं चांगलं झालं, ती सुखात आहे, ते निराळं.

यात फोनवरच्या माणसाचा दोष काढण्यात अर्थ नाही. तो बरोबरच बोलला होता. मामांचे कानही धडधाकट होते. दोन बरोबर माणसांच्या मधे एक अक्षर पडलं. आणि त्या मुलीला मधल्या दिवसांत समजूत घालायला आलेली एक बाई काय म्हणाली माहीत आहे? "कॅरिअर असती तर चाललं असतं, पन यस यस..." त्यावर बाजूला बसलेल्या आजीने विचारलं, "कॅरिअर म्हंजे नोकरी ना?" हसू आलं असेल तर हसा. मला त्या वेळी आलं नव्हतं.

या आजाराची चाचणी होते तेव्हा आणखी एक शब्द वाटेत आडवा येतो, पॉझिटिव्ह. पहिली चाचणी असते ती सोपी, तिला सोल्युबिलिटी म्हणतात. ती फक्त एवढंच सांगते की सिकलसेलचं हिमोग्लोबिन रक्तात आहे. ए एस की एस एस हे ती सांगूच शकत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. पण पहिलीचा निकाल 'पॉझिटिव्ह' म्हणून कानावर आला की खेड्यात तो शब्द एकच अर्थ घेऊन येतो, पोरगी गेली. बरं, इंग्रजीत जी स्थिती ट्रेट म्हणून ओळखली जाते, म्हणजे नुसती वाहकाची, तो ट्रेट आणि इलाज करण्याचं ट्रीट यांची सरमिसळही मी ऐकलेली आहे. "ट्रेट चालू आहे का?" असं एकीने दुसरीला विचारलं होतं.

गंमत म्हणा की काय म्हणा, मुळात हा आजारच एका अक्षराचा आहे. आपल्या जनुकांची लिपी चार अक्षरांची. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी जी ए जी अशी तीन अक्षरं असायला हवीत, तिथे जी टी जी होतात. ए च्या जागी टी. बस्स. त्यामुळे एका घटकाऐवजी दुसरा घटक बसतो आणि पेशीचा विळा होतो. साखळीतला हा एका घटकाचा फरक व्हर्नन इन्ग्रॅम या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये शोधून काढला. (जाता जाता, जनुक या मराठी शब्दाचे उपकार माना. नाहीतर वर्तमानपत्रात 'जीन्समधील दोषामुळे आजार' असं छापून आलं असतं आणि लोकांनी पँट बदलल्या असत्या.)

मग करायचं काय? उच्चार सुधारा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी स्पोकनचे क्लास आता तालुक्याला सुद्धा आहेत. २००० सालापासून आपल्या राज्यात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याला आता पंचवीस वर्षं झाली, उच्चार सुधारायचे ते सुधारले असतील. माझा त्याला विरोध नाही. पण उच्चार सुधारून ए एस आणि एस एस फोनवर वेगळे होणार आहेत का? इंग्रजांनाही ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून तर विमानवाले अक्षर नुसतं म्हणत नाहीत. १९५६ पासून त्यांची ठरलेली यादी आहे, अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी, आणि आकड्यांतसुद्धा नऊला नाईन न म्हणता 'नायनर' म्हणतात, की पाचात आणि नवात घोटाळा नको. ही माणसं इंग्रजी उत्तम बोलणारी, तरी ती कानावर भरवसा ठेवत नाहीत.

आणि कायद्याचं तर फारच चांगलं आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९६२ साली अमृतधारा आणि लक्ष्मणधारा या दोन औषधांच्या नावांचा खटला आला होता. न्यायालयाने काय पाहिलं? संस्कृत जाणणारा पंडित या दोन नावांत फरक करेल का, ते नाही. बेताची आठवण असलेला साधा गिऱ्हाईक दुकानात उभा राहून नाव घेईल तेव्हा त्याचा गोंधळ होईल का, ते. होईल, असं त्यांनी ठरवलं. पुढे २००१ साली दोन कॅडिला कंपन्यांचा खटला आला (कंपन्यांची नावंही सारखीच, घ्या!). फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची, आतलं औषध मात्र वेगवेगळं. त्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की इंग्लंडातली कसोटी इथे तशीच लावून चालणार नाही. या देशात एक भाषा नाही, खेड्यातल्या बहुतेकांना इंग्रजी येत नाही, औषधाच्या नावात गफलत झाली तर जीव जाऊ शकतो, म्हणून इथे जास्त कडक राहा. परदेशातही हे करावं लागलंच आहे. लोसेक नावाचं ॲसिडिटीचं औषध लॅसिक्सशी घोटाळा होतो म्हणून १९९० साली अमेरिकेत प्रायलोसेक झालं. ज्याचा गोंधळ होतो त्याला शिकवत बसले नाहीत, नाव बदललं.

मला हेच हवंय. कागदावर आणि शिबिरांत आपल्या सरकारी कार्यक्रमात शब्द आहेतच, सिकलसेल वाहक आणि सिकलसेल ग्रस्त. किती लांब आहेत हे दोन शब्द एकमेकांपासून! कुठल्याही वाऱ्यात, कुठल्याही गिरणीच्या आवाजात ते एकमेकांत मिसळणार नाहीत. पण तोंडी बोलताना डॉक्टरपासून शिपायापर्यंत सगळे ए एस, एस एस, कॅरिअर, पॉझिटिव्ह यांवर येतात, कारण इंग्रजी अक्षर उच्चारलं की ते खरं वाटतं. राष्ट्रीय पातळीवर २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या, म्हणजे हे फोनही वाढणार.

एकाने मला विचारलं, अहो पण वाहक म्हणजे एसटीचा कंडक्टर ना? दरवाजाजवळच्या सीटवर लिहिलेलं असतं. अगदी बरोबर. मराठीतही जुळे शब्द आहेत. पण हा जुळा कुणाचं लग्न मोडणार नाही. 'मुलगी सिकलसेलची वाहक आहे' हे वाक्य ऐकून तिला तिकीट कोणी मागणार नाही. ग्रस्तच्या जागी वाहक ऐकू येण्याचं तर नावच नको.

शाळेतल्या त्या पानाबद्दलही एक मागणं आहे. सन आणि सन राहू द्या, मला ते अजून आवडतं. पण शेजारी आमच्या कानाची एक यादी द्या. सीट-शीट, वेस्ट-व्हेस्ट, शिप-शीप, करिअर-कॅरिअर, फिफ्टी-फिफ्टीन, हायपो-हायपर. आणि ती हसायला नको, फोनवर कसं विचारायचं ते शिकवायला. भंडाऱ्याच्या पोरांची यादी वेगळी, कोकणातल्या पोरांची आणखी वेगळी असेल, असू दे. आपापल्या वर्गात कान देऊन बसलं तर कुठल्याही बाईंना ती एका आठवड्यात करता येईल.

आमच्या घरात तोवर आम्ही आमचा बंदोबस्त केलाय. कोणाचाही रिपोर्ट फोनवर विचारायचा असेल तर ते काम आता साकोलीच्या मावशीकडे असतं. ती चौथी शिकलेली आहे. पलीकडच्याला आधी ती "मराठीत सांगा" म्हणते, तो ऐकत नसेल तर स्वतःच अक्षरं पाडून घेते. "ए फॉर आंबा का, का एस फॉर साकोली? बरं. आन् दुसरं?" मग तेच पुन्हा त्याला म्हणून दाखवायला लावते, आणि तो ते म्हणेपर्यंत फोन ठेवत नाही.